जुन्या आगप्रतिबंधक फिल्म्स: कुठली लावायची, कुठे थांबवायची

एप्रिल उजाडला की नाशिकमधल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास पडतो: अग्निशमन सप्ताह आहे, हॉलमध्ये काहीतरी दाखवा. मग कोणीतरी एखाद्या गोदामाच्या आगीची क्लिप लावतं, पाच मिनिटं सगळे ‘अरे बापरे’ म्हणतात आणि चहा-बिस्किटं घेऊन घरी जातात. आग दिसते, पण ती लागली कशी आणि पहिल्या मिनिटात काय करायला हवं होतं ते दिसत नाही.

यापेक्षा बरा, फुकट आणि थोडा विचित्र पर्याय पडून आहे. साधारण १९४० ते १९८० या काळात अमेरिका, ब्रिटन आणि इतरही देशांत सरकारी खाती, विमा कंपन्या आणि अग्निशमन संस्थांनी लोकांसाठी छोट्या शैक्षणिक फिल्म्स काढल्या. टाय लावलेला निवेदक, नीटनेटकी गृहिणी, बेफिकीर नवरा आणि दहाव्या मिनिटाला जळून गेलेलं घर. हसू येतं, पण बघायला बसलं की संपेपर्यंत उठवत नाही. आज नाशिकमधल्या फ्लॅटला, वाड्याला, गाळ्याला त्या कितपत लागू पडतात, एवढंच इथे तपासलं आहे. मत आधीच सांगतो: सवयी शिकवणारा भाग अजून खणखणीत आहे, पण पडद्यावर कोणाच्या हातात उपकरण दिसलं की पॉजचं बटण दाबा.

मिळतात कुठे? अमेरिकन फिल्म्सचा सगळ्यात मोठा साठा इंटरनेट आर्काइव्हवरच्या प्रेलिंगर संग्रहात आहे, थेट डाउनलोड होतो. ब्रिटनमध्ये सेंट्रल ऑफिस ऑफ इन्फर्मेशन नावाचं सरकारी खातं १९४६ पासून २०१२ पर्यंत होतं. टीव्हीवर दोन कार्यक्रमांच्या मध्ये दाखवायच्या अर्ध्या-एक मिनिटाच्या सूचना-फिल्म्स ही त्याची खासियत. आपल्याकडे १९४८ मध्ये सुरू झालेल्या फिल्म्स डिव्हिजनची डॉक्युमेंटरी मुख्य पिक्चरच्या आधी दाखवणं थिएटरांना बंधनकारक होतं. सर्कलला किंवा विजयानंदला पूर्वी पिक्चर पाहिलेल्यांना तो धीरगंभीर आवाज आठवत असेल. हे खातं आता राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झालं आहे. त्या साठ्यात शोधाशोध जास्त करावी लागते, पण अनेक माहितीपट भारतीय भाषांत डब झालेले असल्यामुळे हाती लागलं तर सोनं.

बऱ्याच अमेरिकन फिल्म्स दहा-अकरा मिनिटांच्याच का, याचं कारण यंत्रात आहे. १६ एमएमच्या एका फुटात ४० फ्रेम बसतात. बोलपटाचा वेग सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे मिनिटाला ३६ फूट. शाळा-कारखान्यांतून फिरवायचं नेहमीचं रीळ ४०० फुटांचं. भागाकार केला की अकरा मिनिटं येतात. सोसायटीच्या कार्यक्रमाला ही लांबी फार सोयीची पडते, कारण एक रीळ म्हणजे एकच मुद्दा.

कढई

या सगळ्या ढिगातून एकच गोष्ट दाखवायची असेल तर तळणाची आग दाखवा. ब्रिटनमध्ये बटाट्याचे काप तळायच्या खोल भांड्यामुळे घरोघरी आगी लागत, म्हणून १९७० च्या दशकात तिथल्या सूचना-फिल्म्सनी हा विषय लावून धरला. क्रम असा: भांड्यातून धूर, मग ज्वाळा, मग बाई जाळ बंद करते, फडकं ओलं करून घट्ट पिळते, भांड्यावर अंथरते आणि भांडं जागचं हलवत नाही. संगीत नाही, आरडाओरडा नाही. म्हणूनच ते डोक्यात राहतं.

आपल्याकडे तेच भांडं म्हणजे कढई. आषाढ तळणाची किंवा दिवाळीच्या चकलीची. मोठा घाणा काढताना फोन वाजला, गॅस मोठाच राहिला, एवढंच पुरतं. तेल आधी पातळ धूर सोडतं. तो निळसर आणि दाट व्हायला लागला, डोळ्याला झोंबला, की तेल पेट घेण्याच्या वाटेवर आहे. इथे फिल्म थांबवा आणि विचारा, ‘आता काय कराल?’ निम्मा हॉल ‘पाणी’ म्हणेल.

पाणी का नाही, हे फिल्म दाखवते पण समजावत नाही. ते तुम्ही समजवा. पाणी तेलापेक्षा जड, त्यामुळे ते ज्वाळेवर न थांबता तळाशी जातं. पाणी उकळतं १०० अंशांवर, आणि पेटलेलं तेल ३०० अंशांच्या वर असतं. पाण्याची क्षणात वाफ होते आणि तिला मूळ पाण्याच्या साधारण १७०० पट जागा लागते. २०० मिलिलीटरची एक वाटी पाणी म्हणजे ३४० लिटर वाफ, २०० लिटरच्या दीड पिंपाहून जास्त. ही वाफ वरचं पेटतं तेल छताकडे उडवते. म्हणजे वाटीभर पाण्यात आग कढईतून निघून सगळ्या स्वयंपाकघराची होते. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच.

फिल्ममधलं पिळलेलं फडकं मात्र आम्ही वगळायला सांगू. सल्ला त्या काळी चुकीचा नव्हता, पण प्रत्यक्षात माणूस घाबरून पाणी ठिबकणारा टॉवेल टाकतो किंवा हाताला येईल ती नायलॉन-मिश्रित ओढणी. पहिल्यात वाफेचा भडका, दुसऱ्यात वितळलेलं कापड. आपल्या ओट्यावर त्याहून चांगलं साधन असतं: स्टीलची परात. कढईच्या काठापेक्षा चारही बाजूंनी चार बोटं मोठी, कोरडी, आणि तळण सुरू करण्याआधीच उजव्या हाताला काढून ठेवलेली. पेट घेतलाच तर आधी गॅसचं बटण. पण त्यासाठी ज्वाळेवरून हात न्यावा लागत असेल तर ओट्याखालचा रेग्युलेटर बंद करा. परात ढालीसारखी आपल्या आणि ज्वाळेच्या मध्ये धरायची, आपल्याकडची कड आधी कढईवर टेकवायची आणि मग पुढे आडवी करायची, म्हणजे जाळ आपल्यापासून दूर जातो. वरून आपटायची नाही, तेल उसळतं. काचेचं झाकण नको, तडकतं.

त्यानंतरची चूक सगळ्यात जास्त घडते: दोन मिनिटांनी ‘विझलं का’ म्हणून परात उचलणं. आत ज्वाळा नसते, पण तेल अजून पेट घेण्याइतकं तापलेलं असतं आणि फक्त हवा अडवल्यामुळे गप्प असतं. झाकण उघडलं की हवा मिळते आणि तोंडावर भडका. अर्धा तास तरी हात लावू नका. कढई उचलून मोरीत न्यायचा विचार तर मनातही आणू नका. आग कढईच्या बाहेर गेली असेल, एक्झॉस्टच्या जाळीला किंवा कपाटाला लागली असेल, तर परात विसरा. सगळ्यांना बाहेर काढा, दार ओढून घ्या आणि १०१ किंवा ११२ लावा. आजच्या ब्रिटिश अग्निशमन दलांचा सल्ला तर त्याही पुढचा आहे: पेटलेलं भांडं स्वतः विझवायला जाऊच नका. पन्नास वर्षांत सल्ला बदलला तो असा, आणि हा बदल प्रेक्षकांना सांगायलाच हवा.

जिन्याखालचं सामान

दुसरा क्रमांक अडगळीच्या फिल्म्सचा. अमेरिकन घराचा पोटमाळा किंवा तळघर, रंगाचे डबे, जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे, तेलकट चिंध्या. इथे काहीच भाषांतर करावं लागत नाही. जुन्या नाशिकमधल्या वाड्याचा माळा आणि कॉलेज रोडच्या अपार्टमेंटचा जिन्याखालचा कोपरा ही दोन्ही चित्रं जशीच्या तशी तीच. फरक एवढाच की आपल्या बहुतेक जुन्या इमारतींत त्याच जिन्याखाली वीजमीटर असतात. मीटरच्या पट्टीत ठिणगी पडली, खाली रद्दी आणि सायकलचे टायर असले, की जिना धुराडं होतो. गरम धूर वर चढतो आणि वरच्या तिन्ही मजल्यांची बाहेर पडायची एकमेव वाट तीच.

तेलकट चिंध्या आपोआप पेटतात, हा या फिल्म्सचा आवडता प्रसंग. पाहणाऱ्यांना ती थाप वाटते. ती थाप नाही, पण कुठलं तेल ते महत्त्वाचं. जवसाच्या तेलासारखी सुकणारी तेलं हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतात आणि त्या क्रियेत उष्णता निघते. कापड पसरून ठेवलं तर ती उडून जाते. बोळा करून डब्यात कोंबलं तर आतच साठते, आणि काही तासांत बोळा धुमसायला लागतो. इंजिन ऑइलचं फडकं असं आपोआप पेटत नाही, पण दुसऱ्या कशाने पेटलं तर भसाभसा जळतं. फर्निचरचं काम चालू असेल तर सुताराला सांगा: तेलाचं फडकं पाण्यात बुडवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाक, किंवा तारेवर एकेरी वाळत घाल.

‘आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी’ ही म्हण नाशिककरांना अक्षरशः कळते, कारण सोमेश्वर आपल्याकडे आहेच. शिंगाडा तलावावरच्या मुख्य केंद्रातून बंब निघाला तरी भद्रकाली, रविवार कारंजा भागातल्या बोळांत मोठी गाडी शिरत नाही. पुढे होज अंथरत जावं लागतं. सागवानी खांब, कडीपाट, लाकडी जिने: वाड्यात लाकूड भरपूर आणि वेळ कमी. म्हणून घर ‘विझवायला’ शिकवणाऱ्या फिल्मपेक्षा घर ‘पेटू न द्यायला’ शिकवणारी फिल्म वाड्यासाठी जास्त कामाची. ब्रिटिश फिल्म्समधली शेगडीपुढची जाळी बघून हसू नका. न्हाणीत तांब्याचा बंब अजून ढलप्यांवर पेटत असेल, तर त्याच्यापुढच्या तीन फुटांत सरपण, झाडू, पोतं काही नको. मुद्दा तोच.

फ्यूज

१९५० च्या अमेरिकन फिल्म्समध्ये एक महाशय वारंवार उडणाऱ्या फ्यूजमागे तांब्याचं नाणं सरकवतात. आपल्याकडचा भाऊबंद म्हणजे किटकॅट फ्यूजमध्ये (जुन्या बोर्डावरचा, हाताने काढून तार बदलायचा चिनी मातीचा फ्यूज) घातलेली वायरची जाड तार. फ्यूज हा मुद्दाम कच्चा ठेवलेला दुवा. तो जाड केला की पुढचा कच्चा दुवा भिंतीतली वायर ठरते. हा भाग पूर्ण दाखवा, कापू नका.

फक्त आजची आकडेमोड जोडा. २३० व्होल्टला २००० वॉटचा गिझर ८.७ अँपिअर घेतो, १५०० वॉटचा पाणी तापवायचा रॉड साडेसहा. छोट्या, ६ अँपिअरच्या सॉकेटला हे दोन्ही लावायचे नसतात, मग कन्व्हर्टर पिन घालून का होईना. ७५० वॉटचा मिक्सर आणि १००० वॉटची इस्त्री एका एक्स्टेन्शनवर एकाच वेळी चालली तर साडेसातच्या वर जातं. सॉकेटच्या लाइनला अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर हवी, दीडची दिव्यांसाठी.

‘आमच्याकडे एमसीबी (फ्यूजच्या जागी आलेलं, आपोआप पडणारं बटण) आहे’ एवढ्याने निश्चिंत होऊ नका. सॉकेटमध्ये स्क्रू ढिला असेल तर करंट नेहमीएवढाच वाहतो, म्हणून एमसीबी पडत नाही. पण त्या ढिल्या सांध्यावर उष्णता साठत जाते. पिन तपकिरी पडणं, प्लग काढताना हाताला कोमट लागणं, जळक्या प्लास्टिकचा वास, या तीन खुणा. वायरमनला बोलावून सॉकेट बदला, टेप गुंडाळू नका. शिवाय गळणारा करंट पकडून वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी वेगळा लागतो. एमसीबी जादा भार आणि शॉर्टसर्किट बघतो, गळणारा करंट बघत नाही.

इथे पॉज

आता फिल्म्सचा नापास भाग. लाल, उंच नळकांडं हातात घेऊन माणूस ते उलटं करतो आणि नळीतून पाण्याची धार येते. तो सोडा-ॲसिड प्रकार. आत खाण्याच्या सोड्याचं पाणी आणि वरच्या बाटलीत गंधकाम्ल. उलटं केलं की दोन्ही मिसळून कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि त्याच्या दाबाने पाणी बाहेर. हा प्रकार कधीच बाद झाला.

तुमच्या जिन्यात टांगलेला एबीसी पावडरचा सिलिंडर उलटा केला तर काय होतं? त्याच्या आत तळापर्यंत जाणारी एक नळी असते. सिलिंडर सरळ असेल तर वरचा दाबाखालचा वायू पावडरला खाली रेटतो आणि ती नळीतून वर चढते. उलटा केला की नळीचं तोंड वायूत येतं. नुसता वायू फुस्स करून निघून जातो, पावडर आतच राहते, आणि आता ती ढकलायला दाबही शिल्लक नाही. फिल्म पाहून तिची नक्कल करणाऱ्याच्या हातात रिकामा डबा राहतो. म्हणून हे दृश्य एकतर कापा, नाहीतर तिथे थांबून खरा सिलिंडर हातात घेऊन दाखवा: पिन ओढा, दोन-अडीच मीटरवर उभे राहा, नोझल ज्वाळेच्या बुडाशी धरा, दाबा आणि झाडू मारल्यासारखं आडवं फिरवा. पाठ दाराकडे. घरगुती आकाराचा सिलिंडर काही सेकंदांतच संपतो, तेव्हा ‘जरा उडवून बघू’ नाही. कढईवर अगदी जवळून मारू नका, झोताने तेल उडतं.

सिलिंडर बघताना काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, सील शाबूत आहे का, नळीत कोळ्याने जाळं तर केलं नाही ना, आणि भरल्याची तारीख, एवढं पुरे. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे जिथे यंत्रणा बसवणं बंधनकारक आहे, तिथे ती चालू स्थितीत असल्याचं ‘फॉर्म बी’ दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून घेऊन द्यावं लागतं. तुमच्या इमारतीचं शेवटचं कधी दिलं, हा प्रश्न कार्यक्रमातच सेक्रेटरींना विचारा. लोक हॉलमध्ये असतात तेव्हा उत्तर लवकर मिळतं.

आणखी दोन गोष्टी पडद्यावर दिसल्या तर ठामपणे ‘हे नको’ म्हणायचं. एक, आगीवर फेकायचे काचेचे गोळे आणि पिचकारीसारखा पितळी पंप. त्यांत कार्बन टेट्राक्लोराइड असे. तापलेल्या धातूवर त्यापासून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होऊ शकतो. असे गोळे जुन्या वस्तूंच्या बाजारात शोभेची चीज म्हणून फिरतात, ते फोडून बघू नका. दोन, ॲस्बेस्टॉसचं ब्लँकेट. फायर ब्लँकेट ही कल्पना उत्तम, पण आज ते काचतंतूंचं घ्यायचं.

भाजलेल्या जागेला लोणी किंवा मलम लावायचा सल्ला दिसला तर तोही तिथेच खोडा. नळाचं साधं वाहतं पाणी २० मिनिटं. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, हळद नाही, शाई नाही. अंगावर कपडा पेटला तर धावू नका, जमिनीवर लोळा, हे मात्र तेव्हाही बरोबर होतं, आजही आहे. दुसऱ्याला गुंडाळायचं असेल तर जाड सुती गोधडी चालते, घोंगडी त्याहून चांगली, कारण लोकर सहज पेट घेत नाही. सिंथेटिक ब्लँकेट वितळून कातडीला चिकटतं.

मुलांसाठी आणि डोंगरासाठी

मुलांना एकच लावा: १९७३ ची ब्रिटिश कार्टून मालिका, ज्यात चार्ली नावाचं मांजर एका लहान मुलाला धोक्यापासून आवरतं. काड्यापेटीचा भाग मिनिटभराचाही नाही. काडेपेटी दिसली की खेळायचं नाही, आईला सांगायचं, एवढंच. मांजराच्या गुरगुरण्याचं भाषांतर तो मुलगा करतो, मुलाचं भाषांतर तुम्हाला करावं लागेल. मुलं मांजराचा आवाज काढत घरी जातात. दुसरा काही परिणाम मोजायची गरज नाही.

वणव्याच्या अमेरिकन फिल्म्सबद्दल मात्र हातचं राखून बोलावं लागेल. स्मोकी नावाचं टोपीवालं अस्वल १९४४ पासून तिथल्या जंगलांचं राखणदार. चित्रण देखणं आहे, पण दोष सगळा पर्यटकाच्या शेकोटीला आणि सिगारेटला. आपल्याकडे ब्रह्मगिरी, अंजनेरी, पांडवलेणी, चामरलेणीच्या उतारांवर मुद्दाम लावलेला वणवाही असतो, जाळलं की पुढच्या वर्षी गवत चांगलं येतं या समजुतीने. त्याला ती फिल्म काहीच सांगत नाही. वाळलेलं गवत आणि वारा यांचं नातं दाखवण्यापुरती दोन मिनिटं घ्या आणि उरलेला वेळ जाळरेषा म्हणजे काय ते सांगा: उन्हाळ्याआधी गवत काढून मोकळा केलेला पट्टा, जिथे आगीला खायला काही मिळत नाही.

त्याऐवजी एक वेगळीच चीज आहे, १९५४ ची ‘द हाउस इन द मिडल’. नेवाडातल्या अणुचाचणीच्या मैदानावर तीन छोटी लाकडी घरं. कडेची दोन गबाळी, वाळकी, कचऱ्याने वेढलेली, मधलं स्वच्छ, पांढरं रंगवलेलं. स्फोटाच्या उष्णतेत कडेची दोन पेटतात, मधलं टिकतं. निष्कर्ष: घराला रंग द्या. या फिल्मच्या मागे रंग उत्पादकांची संघटना होती, हे कळलं की सगळा उलगडा होतो. २००१ मध्ये ती अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत गेली. अणुबॉम्बचा भाग सोडून द्या. पण घराभोवतीचा पालापाचोळा हीच पहिली काडी, हे तिच्याइतकं नजरेत भरेल असं दुसरीकडे दिसत नाही. कांद्याची चाळ असलेल्या शेतकऱ्याला किंवा डोंगराच्या पायथ्याशी बंगला असलेल्याला ती दाखवण्याजोगी आहे.

जे कुठल्याच फिल्ममध्ये नाही

एलपीजीची गळती, लोखंडी गज आणि लिथियम बॅटरी. या तीन गोष्टी तुम्हालाच बोलाव्या लागतील.

गॅस हवेपेक्षा जड असतो, तो छताला न जाता ओट्याखाली साठतो. वास आला तर दिव्याचं बटण चालूही करू नका, बंदही नाही. ठिणगी दोन्ही वेळा पडते. दारं-खिडक्या उघडा, रेग्युलेटर काढून टोपण लावा, बाहेर जाऊन १९०६ या गॅसगळतीच्या क्रमांकावर फोन करा. नळी आयएसआय मार्कची, दीड मीटरची, पाच वर्षांनी बदललेली. सिलिंडरच्या कड्यावर आतून ‘सी-२७’ असं काही लिहिलेलं असतं: ए, बी, सी, डी म्हणजे वर्षाचे चार तिमाही, पुढे साल, तोपर्यंत त्याची चाचणी व्हायला हवी. मुदत उलटली असेल तर घेऊच नका.

बाल्कनीला गज लावताना त्यात आतून उघडणारी खिडकी ठेवली नसेल, तर ‘धुरात खाली वाकून सरपटत बाहेर पडा’ हा फिल्मचा उत्तम सल्ला गजांपाशी संपतो. खिडकी असेल तर कुलपाची किल्ली तिथेच, हाताला लागेल अशी.

इलेक्ट्रिक स्कूटरची बॅटरी जिन्यात किंवा मुख्य दारामागे चार्ज करू नका. ती पेटली तर पावडरने ज्वाळा दबते, पण आतली उष्णता जात नाही आणि थोड्या वेळाने ती पुन्हा पेटते. तिला थंड करायला भरपूर पाणी लागतं, आणि ते काम बंबाचं.

दाखवताना

फाइल आधीच डाउनलोड करा, हॉलच्या वाय-फायवर विसंबू नका. चित्र ४:३ चं आहे, ताणून १६:९ करू नका, माणसं बुटकी दिसतात आणि लोक विषयाऐवजी त्यावर हसतात. जुन्या ध्वनिपट्टीला खरखर असते. बास पूर्ण खाली आणा, ट्रेबल थोडा कमी, मधले सूर वर, म्हणजे बोलणं सुटं ऐकू येतं. इंग्रजी निवेदन बंद करून माइकवर मराठीत बोललेलं सगळ्यात उत्तम. एका माणसाने फिल्म दोनदा आधी पाहून कुठे थांबायचं त्या वेळा कागदावर लिहून ठेवाव्यात. अमेरिकन सरकारी खात्यांच्या फिल्म्सवर तिकडे कॉपीराइट नसतो. ब्रिटिशांवर क्राउन कॉपीराइट असतो, तेव्हा जिथून घ्याल तिथला परवाना वाचा.

तारीख: सप्ताह १४ ते २० एप्रिल. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये कापूस आणि दारूगोळा भरलेल्या फोर्ट स्टिकीन जहाजाचा स्फोट झाला आणि आग विझवायला गेलेले ६६ अग्निशामक गेले, त्यांच्या स्मरणासाठी. पण १४ ला बाबासाहेबांची जयंती, त्या दिवशी स्पीकरवालाही मिळणार नाही आणि माणसंही. १५ नंतरची संध्याकाळ धरा.

आणि एक, खऱ्या रिळांच्या नादी लागणाऱ्यांसाठी. १६ एमएमचं रीळ नेहमी सेफ्टी बेसवरच निघालं, ते पेटवल्याशिवाय पेटत नाही. व्हिनेगरसारखा वास आला तर ते सडतंय एवढंच. पण १९५१ च्या आधीचं ३५ एमएम नायट्रेटचं, म्हणजे झटकन पेट घेणाऱ्या जुन्या फितीचं, असू शकतं. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या फाळक्यांनी १९१७ मध्ये ‘लंका दहन’ काढला तो अशाच फितीवर. नायट्रेट स्वतःचा ऑक्सिजन बाळगून असतं, म्हणून पाण्याखालीही जळतं, आणि एकदा लागलं की विझवायचं साधन नाही. पुण्यात ८ जानेवारी २००३ ला राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिती अशाच गेल्या. वाड्याच्या माळ्यावर जुना डबा सापडला, आत फीत चिकट, तपकिरी, भुकटी झालेली असेल, तर तुकडा जाळून खात्री करू नका. डबा उन्हापासून दूर, घराबाहेर ठेवा आणि पुण्याच्या संग्रहालयाला कळवा.

गुण द्यायचेच तर पाचपैकी साडेतीन. दीड गुण उपकरणांचा आणि मलमाचा गेला. पाऊण तासाचा क्रम असा ठेवा: मांजर, मग तळण आणि त्यावर परातीचं प्रात्यक्षिक, अर्थात थंड कढईवर, खरं तेल पेटवून नव्हे. मग अडगळीचं रीळ, फ्यूजचे दोन प्रसंग, शेवटी खरा सिलिंडर हातात. चहा हॉलमध्ये देऊ नका. तो खाली मीटरपाशी ठेवा, आणि जिन्याखालचा एकेक डबा कोणाचा आहे ते कप हातात असतानाच विचारून घ्या.